अकराव्या रकान्यातली रेघ

आत्याने फॉर्मचे दहा रकाने झरझर लिहून टाकले आणि अकराव्यापाशी ती अडून बसली, तेव्हाच बारक्याने ओळखलं की आजचा दिवस कामातून गेला.

बारक्या म्हणजे सेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, चष्मा लागलेला सरकारी कारकून. भावंडांत धाकटा म्हणून लहानपणी पडलेलं हे नाव ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून त्याने एकवीस वर्षं काळजी घेतली होती. आत्याने पहिल्याच दिवशी रांगेतल्या पंधरा माणसांदेखत खिडकीपाशी येऊन, "बारक्या, तो धर्म बदलायचा फॉर्म दे," असं म्हणून त्या सगळ्या काळजीवर पाणी फिरवलं. त्या दिवसापासून शिपाईसुद्धा त्याच्या पाठीमागे त्याला बारक्याच म्हणायचा, आणि पाठ फारशी लांब नसायची.

फॉर्म नवा होता, कारण कायदा नवा होता. आठ महिन्यांपूर्वी तो झाला. ज्याला धर्म बदलायचा असेल त्याने साठ दिवस आधी या ऑफिसात अर्ज द्यायचा. अर्जाची नोटीस बाहेरच्या फळ्यावर लागायची. कुणाची हरकत आली तर ती ऐकायची, नाही आली तरी साहेबांनी अर्जदाराला समोर बसवून चौकशी करायची, आणि मग दाखला द्यायचा. दाखल्याशिवाय कुणी कुणाला आपल्यात घेतलं तर घेणारा तीन वर्षं आत. एवढ्या कामासाठी बारक्याला एक जादा ट्रे मिळाला होता. जादा माणूस मागितला होता, तो मिळाला नाही.

कायद्यावरून शहरात दोन तट पडले होते आणि दोन्ही तटांचे मोर्चे बारक्याच्या खिडकीखालूनच जायचे. भोळ्याभाबड्यांना आमिष दाखवून कुणी ओढून नेऊ नये म्हणून कायदा हवाच, असं एकांचं म्हणणं. माणसाने कुणापुढे हात जोडावेत हे विचारणारं सरकार कोण, असं दुसऱ्यांचं. बारक्याला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही वैताग यायचा. ऑपरेशन करून देतो म्हणून धर्म बदलायला लावलेला आणि मग दवाखान्याच्या दारात सोडून दिलेला एक म्हातारा त्याने याच खिडकीपाशी पाहिला होता. आणि फळ्यावरची नोटीस वाचून जिचे काका काठ्या घेऊन आले, ती मुलगीही त्याने याच खिडकीतून पाहिली होती. तेव्हा मोर्चा आला की खिडकी लावून घ्यायची, एवढंच त्याचं मत उरलं होतं.

अकरावा रकाना असा होता: 'धर्म बदलण्यासाठी आपणांस कोणतेही आमिष दाखविण्यात आले आहे काय? होय / नाही.' आठ महिन्यांत आलेल्या प्रत्येकाने तिथे 'नाही' लिहिलं होतं. आमिष म्हणजे काय याची व्याख्या फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली होती. ती छापणाऱ्यानेही वाचली नसावी. आत्याने वाचली.

"'भेटवस्तू, सोय-सुविधा किंवा अधिक चांगल्या आयुष्याचे आश्वासन,'" तिने मोठ्याने वाचलं. "बारक्या, खुर्ची ही सोय धरायची का रे?"

"कुठली खुर्ची?"

"ते मला देतात ती. हातांची, पाठ असलेली. बाकी सगळे बिनपाठीच्या बाकांवर बसतात. मला एकटीला खुर्ची. म्हणजे सोय झाली."

"आत्या, खुर्चीसाठी कुणी धर्म बदलत नाही. लिही 'नाही'."

"खुर्चीसाठी बदलत नाहीये मी. पण त्यांनी विचारलंय काय? दिली का. तर दिली. आणि हे चांगल्या आयुष्याचं काय? त्यासाठीच चाललेय ना मी? वाईट आयुष्यासाठी कोण इतके जिने चढेल?"

मागे रांग वाढत होती. एक जण जन्मदाखल्यासाठी आला होता, तो मोठ्याने सुस्कारे सोडत होता. बारक्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू 'होय' लिहिलंस तर त्या खुर्चीवाल्याला पोलीस नेतील. कळतंय का?"

"म्हणूनच तर अडलेय," आत्या शांतपणे म्हणाली. "'होय' लिहिलं तर तो बिचारा फुकट अडकतो. 'नाही' लिहिलं तर ते खोटं. साहेबांना विचारून ठेव, खुर्ची धरतात का. तोवर मी हा रकाना मोकळा सोडते."

मग खालचे पाच रकानेही भरून, प्रत्येक उत्तरापुढे मारलेल्या आडव्या रेघेवरून एकदा बोट फिरवून ती निघून गेली.

ही रेघ समजायची तर आत्या समजायला हवी. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर तिने एकतीस वर्षं काढली. खडी, वाळू, भंगार, जे काही ट्रकमध्ये भरतं ते सगळं तिच्यासमोरून गेलं. काटा म्हणजे रस्त्याच्या पातळीवर बसवलेली लोखंडी फळी. तिच्यावर भरलेला ट्रक उभा करायचा, वजन लिहायचं. माल उतरवून ट्रक परत आला की रिकाम्याचं वजन लिहायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की मालाचं निव्वळ वजन. ऐकायला सोपं, पण या वजाबाकीत माणसं काय काय लबाड्या करतात ते आत्याने एकतीस वर्षं पाहिलं. कुणी पाण्याचे कॅन ठेवायचा, कुणी मागचं चाक फळीच्या बाहेर ठेवायचा. आत्या काचेच्या खोलीतून उठायची, ट्रकला पूर्ण फेरी मारायची, मगच आकडा लिहायची. आणि कुणी मागून एखादं शून्य वाढवू नये म्हणून आकड्याला चिकटून एक आडवी रेघ मारायची. रेघ पडली की वजन पक्कं. जे वजन तिला पटलं नाही त्यापुढे रेघ नाही, आणि रेघ नाही तर पावती नाही, आणि पावती नाही तर ट्रक फाटकाबाहेर नाही. ड्रायव्हर लोक तिला काटेवाली म्हणत आणि तिच्या तोंडावर फार जपून बोलत.

बारक्याचे वडील, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ, तेव्हा भंगाराचा ट्रक चालवायचे. एकदा त्यांनी भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये घोंगडीखाली एक माणूस झोपवला. रिकाम्याच्या वेळी तो उतरणार आणि त्याचं वजन भंगारात जमा होणार. आत्याने खिडकीवर टकटक केली आणि म्हणाली, "दादा, घोंगडीला खाली उतरव." घोंगडी उतरली, ती बहात्तर किलोंची निघाली. दादा पुढचे आठ महिने बहिणीशी बोलले नाहीत. बहिणीला त्याचं दुःख झालं, पण आकडा काही बदलला नाही.

लग्न तिने केलं नाही. भावाच्या घरी राहिली आणि बारक्याला अक्षरं गिरवायला तिनेच शिकवलं, रद्द झालेल्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर. साहजिकच बारक्याही शाळेत प्रत्येक उत्तरापुढे रेघ मारायचा. गणिताच्या मास्तरांना ती वजाबाकीची खूण वाटायची आणि बारक्या हातावर छड्या खायचा. तिसरीत त्याने ती सवय सोडली. आत्याने सोडली नाही. दूधवाल्याच्या खाड्यांपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत तिची रेघ चालूच होती.

निवृत्त झाल्यावर तिचे गुडघे गेले. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्या दुसऱ्या धर्माचं एक लहानसं प्रार्थनाघर होतं. येताजाता त्याच्या पायरीवर ती दम खायला टेकायची. तिथली देखरेख करणारा माणूस पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने एक दिवस काही न बोलता आतून हातांची खुर्ची आणून दारात ठेवली. पुढच्या आठवड्यात ऊन वाढलं तेव्हा ती दारातून आत सरकवली. चार महिने आत्या तिथे बसली. कुणी तिला नाव विचारलं नाही, धर्म विचारला नाही, पुस्तक दिलं नाही. ते लोक रोज संध्याकाळी एकदा उभे राहून सगळे मिळून आपले शब्द म्हणायचे. आत्याला ते ऐकून ऐकून पाठ झाले.

"घरी बसलं तरी माझ्या डोक्यात सारखी वजाबाकी चालू असते," तिने बारक्याला सांगितलं होतं. "कोण काय लपवतंय, कुणाचं चाक बाहेर आहे. ते शब्द कानावर पडले की ती थांबते. मला ते त्यांच्यासोबत उभं राहून म्हणायचेत. बस, एवढंच."

बारक्याने तेव्हा कपाळाला हात लावला होता. म्हणायचे तर म्हण ना घरात, दार लावून, असं तो म्हणाला. पण पावतीशिवाय एक ट्रक जिने फाटकाबाहेर सोडला नाही, ती स्वतः पावतीशिवाय कशी जाणार? शिवाय घड्याळवाल्यालाही कायदा ठाऊक होता. "बाई, रोज या, बसा, ऐका," त्याने हात जोडून सांगितलं होतं. "पण दाखला येईपर्यंत आमच्याबरोबर तोंड उघडू नका. तुम्ही एक शब्द म्हणालात तर मी आत जाईन." तेव्हा सगळे उभे राहत आणि आत्या खुर्चीत ओठ मिटून बसे. म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी तिला एक गोष्ट हवीशी वाटली होती आणि तिच्या मध्ये एक अकरावा रकाना उभा होता.

बारक्याने साहेबांना काहीही विचारलं नाही. खुर्ची आमिष धरायची का, असं विचारलं असतं तर साहेबांनी वर पत्र लिहिलं असतं, वरून सहा महिन्यांनी उलट प्रश्न आला असता आणि दरम्यान कुणीतरी त्या घड्याळवाल्याच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं. हे सगळं त्याला लख्ख दिसत होतं. शिवाय तो वैतागला होता, हेही खरं. जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर त्याने आत्याचा फॉर्म काढला आणि अकराव्या रकान्यात तिच्यासारख्या तिरक्या अक्षरात 'नाही' लिहिलं. ज्या हाताने लिहायला शिकवलं त्या हातासारखं लिहायला त्याला कष्ट पडले नाहीत. एका शब्दाने तीन माणसांचा ताप वाचला, असं त्याने स्वतःला सांगितलं.

घरी तो आत्याला म्हणाला, "साहेबांना विचारलं. खुर्ची धरत नाहीत. रकाना मोकळा राहिला तरी चालतो."

"साहेबच म्हणाले?"

"साहेबच म्हणाले."

"मग झालं," आत्या म्हणाली. साहेबांबद्दल तिचं मत त्या दिवशी जरा सुधारलं.

इकडे बारक्याच्या वडिलांनी वेगळीच आघाडी उघडली. त्यांनी एक भलीमोठी गुबगुबीत खुर्ची घरी आणली. दांडा ओढला की तिची पाठ मागे जायची आणि पाय वर यायचे. "हिच्यावर बस आणि इथेच देवाचं नाव घे," ते बहिणीला म्हणाले. "त्यांच्या लाकडी खुर्चीत असं काय ठेवलंय?"

आत्या त्या खुर्चीत बसली, दांडा ओढून पाहिला, पाय वर गेले. "फार छान आहे, दादा," ती म्हणाली. "सोय आहे. आता मी जाऊ नये म्हणून दिलेल्या सोयीचा रकाना कितवा ते बारक्याला विचारते."

"घरच्यांनी दिलं तर ते आमिष नसतं!"

"मग काय असतं?"

दादा उठून बाहेर गेले आणि उगाच झाडांना पाणी घालत बसले. सकाळीच घातलेलं होतं. नोटीस फळ्यावर लागल्यावर त्यांनी हरकत घ्यायचंही ठरवलं, पण हरकतीच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं आणि 'बहीण ऐकत नाही' यापलीकडे त्यांना कारण सुचेना. बारक्याने तो कागद त्यांच्या हातून काढून घेतला आणि फाडून टाकला. या घरातल्या माणसांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते.

साठ दिवस गेले. हरकत आली नाही. चौकशीच्या दिवशी आत्या धुतलेले कपडे घालून, पिशवीत चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन साहेबांसमोर बसली. बारक्या बाजूच्या टेबलावर जबाब लिहायला. साहेबांना अकरा वाजता दुसरी मीटिंग होती, म्हणून ते फॉर्मवरून भराभर बोट फिरवत चालले होते.

"दहा, कोणी दबाव आणला? नाही. अकरा, आमिष? नाही. बारा—"

"अकरा परत वाचा," आत्या म्हणाली.

"'नाही' लिहिलंय तुम्ही. बरोबर आहे ना?"

"बघू जरा."

साहेबांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. आत्याने पिशवीतून चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला. अक्षर तिचंच वाटत होतं. तोच तिरकेपणा, तोच 'ह' खाली ओढलेला. पण वर दहा रकाने आणि खाली पाच रकाने, प्रत्येक उत्तरापुढे आडवी रेघ होती, आणि या एका 'नाही'पुढे नव्हती.

तिने मान वर करून बारक्याकडे पाहिलं. आत्ता कुठे त्याच्या लक्षात आलं. ज्या रेघेपायी त्याने छड्या खाल्ल्या होत्या तीच मारायला तो विसरला होता.

"बाई, अक्षर तुमचंच ना?" साहेबांनी घड्याळ पाहत विचारलं.

प्रश्न एका ओळीचा होता. हो म्हणाली असती तर दाखला तिथल्या तिथे मिळाला असता. त्याच संध्याकाळी ती उभी राहिली असती आणि ते शब्द म्हणाली असती, खोट्या वजनाची पावती पिशवीत ठेवून. नाही म्हणाली असती तर दुसऱ्याच्या अर्जात परस्पर लिहिलं म्हणून बारक्याची नोकरी गेली असती, आणि पाठोपाठ तो स्वतः तुरुंगात गेला असता. आत्याने त्या 'नाही'पुढच्या मोकळ्या जागेवरून एकदा बोट फिरवलं. मग तिने चष्मा काढून नीट घडी करून पिशवीत ठेवला.

"साहेब, मला अर्ज मागे घ्यायचाय."

"का हो? सगळं तर झालंय."

"वजन नीट झालं नाही. जे वजन मला पटत नाही, त्यावर मी सही करत नाही."

साहेबांना वजनाचं काही कळलं नाही, पण अर्ज मागे हे नीट कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "विचार बदलला म्हणा की. चांगलं आहे. कायदा त्यासाठीच आहे, माणसाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून."

"विचार तोच आहे," आत्या म्हणाली.

"हो, हो," साहेब म्हणाले, आणि बारक्याकडे वळले. "माघारीच्या रजिस्टरला घ्या. शेरा लिहा, स्वेच्छेने माघार. रिपोर्टला अशा केसेस लागतातच."

माघारीच्या रजिस्टरला तीनच रकाने होते. नाव, तारीख, शेरा. जाणाऱ्या माणसाला जीव नकोसा होईपर्यंत प्रश्न विचारणाऱ्या सरकारला थांबणाऱ्याला विचारायचं काहीच सुचलं नव्हतं. दबाव होता का, आमिष होतं का, कुणी फसवलं का, काही नाही. या सगळ्या प्रकरणात फसवणूक झाली होती ती एकच, आणि ती याच खोलीत, सरकारी पेनाने, सख्ख्या भाच्याने केली होती. तिच्यासाठी रकाना नव्हता.

बारक्या तिच्यामागे जिन्यापर्यंत धावला. आत्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होती.

"आत्या, थांब. नवा फॉर्म देतो. आत्ताच्या आत्ता भर. तुला हवं ते लिही."

"माघार घेतली की वर्षभर नवा अर्ज करता येत नाही. मागच्या बाजूलाच छापलंय. तू वाचलं नाहीस?"

त्याने वाचलं नव्हतं. दहा महिने तो ते फॉर्म वाटत होता.

"मी तुझ्यासाठीच केलं गं," तो म्हणाला. "तुझा ताप वाचावा म्हणून."

"ठाऊक आहे. दादानेही घोंगडीखाली माणूस घरासाठीच झोपवला होता." ती पुढची पायरी उतरली. "तू 'नाही' लिहिलंस त्याचं मला एवढं वाटत नाही, बारक्या. साहेब म्हणाले असं मला सांगितलंस ना, त्याचं वाटतं. मी विश्वास ठेवला. ट्रकभोवती फेरी मारली नाही, कारण ट्रक तुझा होता."

बारक्या तिच्या हाताला धरायला पुढे झाला. तिने हात सोडवून घेतला नाही, पण त्यावर भारही टाकला नाही.

"पुढच्या वर्षी येईन," खालच्या पायरीवर पोहोचल्यावर ती म्हणाली. "गुडघे राहिले तर. तेव्हा त्या टेबलावर दुसरं कुणी असलं तर बरं होईल."

वर येऊन त्याने रजिस्टर उघडलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली, शेऱ्यात 'स्वेच्छेने माघार' लिहिलं. इतक्या वर्षांनी, का कुणास ठाऊक, पेन आपोआप पुढे सरकलं आणि आडवी रेघ मारायला टेकलं. त्याने ते उचललं. त्या शब्दांपुढे रेघ मारता येण्यासारखी नव्हती.

खिडकीखालून कुठल्यातरी बाजूचा मोर्चा येत होता. तो खिडकी लावायला उठला तेव्हा आत्या त्याला दिसली, गर्दीच्या कडेकडेने, बाटलीची पिशवी छातीशी धरून दवाखान्यामागच्या गल्लीकडे वळताना. संध्याकाळी सगळे उभे राहणार होते आणि ती खुर्चीत बसून राहणार होती. वर्षभर, रोज, सगळे शब्द पाठ असून, ओठ मिटून.